तरुणांना निवडू द्या: पाळक आणि वडीलजनांना खुले पत्र

प्रिय पाळकहो, वडीलजनहो, तरुणसंघ आणि संडे स्कूल सांभाळणाऱ्या बंधुभगिनींनो,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र एखाद्या मंडळीला किंवा एखाद्या पंथाला उद्देशून नाही. तरुणांसमोर उभं राहून ‘देवाने तुला दिलेलं दान’ आणि ‘तुझ्या आयुष्यासाठी देवाची योजना’ असं जे कोणी बोलतात, त्या सगळ्यांसाठी ते आहे. मी संडे स्कूलमध्ये शिकवते, तेव्हा मीही त्यांच्यातच आले. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. देव दान देतो आणि त्या दानाचं काय करायचं हे ठरवायची मोकळीकही देतो. आपण मुलांना पहिली गोष्ट मोठ्याने सांगतो आणि दुसरी सांगतच नाही. मग दान हे त्यांना ओझं वाटू लागतं, आणि देणाऱ्याची धास्ती बसते.

मत्तय २५ मधल्या दाखल्यापासूनच सुरुवात करते, कारण या विषयावर आपला सगळा भर तिथेच असतो. धनी परदेशी जाताना एका दासाला पाच तालांत देतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे व्यापार करून ते दुप्पट करतात; तिसरा आपला तालांत जमिनीत पुरून ठेवतो आणि शेवटी बाहेरच्या अंधारात टाकला जातो. आपले संदेश बहुतेक वेळा धावतपळत तिसऱ्या दासापाशी पोहोचतात आणि तिथेच मुक्काम करतात. तुला गाता येतं आणि तू गायनात भाग घेत नाहीस? मग तूही पुरून ठेवलंस. तुला बोलता येतं आणि तू साक्ष देत नाहीस? बाहेरचा अंधार आठव. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आपण हे ऐकवतो.

दाखला जरा सावकाश वाचून पाहा. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसभराची मजुरी. मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याच्या मालकाने तीच ठरवलेली आहे. म्हणजे ज्याला ‘एकच’ मिळाला त्याच्याही हातात जवळजवळ वीस वर्षांची कमाई होती. या दाखल्यात गरीब दास कोणीच नाही. ‘मला काही येत नाही, मला देवाने काही दिलंच नाही’ म्हणणाऱ्या मुलीला सांगण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे, आणि ती आपण फारशी सांगत नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. जाताना धन्याने काय सांगितलं? मत्तयाच्या दाखल्यात एक अक्षरही नाही. धान्य घ्या की लोकर घ्या, भागीदार कोण निवडा, कुठल्या गावी जा, काही नाही. लूक १९ मधल्या त्याच धर्तीच्या दाखल्यात ‘मी येईपर्यंत व्यापार करा’ एवढं आहे, पण कशाचा, ते तिथेही नाही. रक्कम सोपवून धनी निघून जातो आणि पुष्कळ काळाने परततो. मधला सगळा काळ दासांचा. हिशेबाच्या वेळीसुद्धा पहिल्या दोघांना तो विचारत नाही की हाच धंदा का केलास, तो का नाही केलास. पाच मिळवणारा आणि दोन मिळवणारा, दोघांना शाबासकीचे शब्द अगदी तेच मिळतात.

मग तिसऱ्याने पुरून का ठेवलं? कारण त्याने स्वतःच सांगितलंय: मी भ्यालो. धनी कठोर आहे, जिथे पेरलं नाही तिथे कापणी करणारा आहे, असं त्याने मनाशी धरलं होतं. धनी त्याला दुष्ट आणि आळशी म्हणतो, आणि ते शब्द सौम्य करायचा मला अधिकार नाही. आळसाची सूट या पत्रातून कोणालाच मिळणार नाही. पण आळसाच्या मुळाशी ती भीती होती हे त्याच्याच तोंडून आलेलं आहे. ज्या भीतीपोटी त्याने खड्डा खणला, तीच भीती घालून आपण मुलांना सांगतो की खड्डा खणू नका. याने उलटंच होतं, आणि होताना मी पाहिलं आहे.

तरुणसंघातला एक मुलगा मला त्याची वही दाखवायला आला होता. त्याच्यासमोर दोन अभ्यासक्रम होते, रुग्णसेवेचा आणि संगीताचा. दोन्हीकडे त्याची निवड होण्यासारखी होती, दोन्ही त्याला मनापासून आवडत होते. वहीच्या पानावर त्याने उभी रेघ मारली होती. एका बाजूला ‘इकडच्या खुणा’, दुसऱ्या बाजूला ‘तिकडच्या खुणा’. डावीकडे एका सकाळी वाचनात आलेलं वचन, एक स्वप्न, कोणा मावशीचं सहज निघालेलं वाक्य. उजवीकडे त्याच आठवड्यातला पाळकांचा संदेश आणि उपासनेत लागलेलं एक गीत. प्रत्येकापुढे तारीख. काही खुणा खोडून पुन्हा लिहिल्या होत्या, कारण त्या कुठल्या बाजूच्या हे त्याचं ठरत नव्हतं. आपल्याला काय हवंय याची नोंद त्या पानावर कुठेच नव्हती. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारल्यावर तो गोंधळला. म्हणाला, ‘माझ्या वाटण्याचा काय संबंध? चुकीचं निवडलं तर देवाच्या योजनेबाहेर जाईन ना.’ अर्ज भरायची मुदत संपेपर्यंत तो खुणा जमवत राहिला, आणि मुदत संपली ती त्याने देवाचं उत्तर म्हणून स्वीकारली.

हा मुलगा आळशी नाही, बंडखोर तर मुळीच नाही. प्रार्थनेला सगळ्यात आधी येणारा आहे. आपण जे शिकवलं ते त्याने मनावर घेतलं, इतकंच.

देवाची योजना म्हणजे एकच अरुंद वाट, तिच्यावरून एकदा पाय घसरला की उरलेलं आयुष्य दुय्यम, हे चित्र पवित्र शास्त्रात मला सापडत नाही. आपण यिर्मया २९:११ भेटकार्डांवर छापतो: तुमच्याविषयी जे माझे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत. हे पत्र कोणाला लिहिलं होतं? बाबेलात बंदिवासात नेलेल्या समूहाला. आदल्याच वचनात त्यांना सांगितलंय की सुटकेला सत्तर वर्षं लागतील, म्हणजे ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या हयातीत ती यायची नाही. आणि तोवर काय करायचं? पाचव्या वचनापासून वाचा. घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्या नगराचं हित पाहा. कोणी कुठलं घर बांधायचं, कोणी कोणाशी लग्न करायचं, हे देव तिथे सांगत नाही. संकल्प देवाचा, आणि त्यात माणसांनी आपापल्या अकलेने घ्यायचे हजारो निर्णय. लग्नासारख्या मोठ्या गोष्टीतसुद्धा पौल विधवेला लिहितो की तिला ज्याच्याशी वाटेल त्याच्याशी लग्न करायची ती मोकळी आहे, मात्र ते प्रभूमध्ये असावं (१ करिंथ ७:३९). कुंपण आहे, पण कुंपणाच्या आत अंगण मोठं आहे.

देव खास पाचारण करतच नाही, असं मी म्हणत नाही. यिर्मयाला केलं, शौलाला दिमिष्काच्या वाटेवर केलं. त्यांना वहीत खुणा जमवाव्या लागल्या नाहीत, हेही ध्यानात घ्यावं. देवाला जेव्हा नेमकं काही सांगायचं असतं तेव्हा तो ते ऐकू जाईल असं सांगतो. तसं सांगितलेलं नसेल तेव्हा त्या शांततेचा अर्थ ‘तू ठरव’ असाही असू शकतो, हे तरुणांना कोणीतरी सांगायला हवं. रोम १२:२ मध्ये मन नवं झाल्यावर माणसाने देवाची इच्छा पारखून घ्यावी असं म्हटलंय. पारखायला मन वापरावं लागतं, ते बंद ठेवून चालत नाही.

आता थोडं आपल्या, म्हणजे पुढाऱ्यांच्या, वागण्याविषयी.

१ करिंथ १६:१२ या वचनावर मी आजवर एकही संदेश ऐकलेला नाही. पौल लिहितो की अपुल्लोसाने बंधूंबरोबर तुमच्याकडे यावं म्हणून मी त्याला पुष्कळ विनवलं, पण आता यायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. त्याला सवड होईल तेव्हा तो येईल. विषय तिथे संपतो. विनंती करणारा प्रेषित पौल, ज्याला विनंती केली तो त्या काळातला नावाजलेला वक्ता, आणि काम मंडळीचंच. तरी अपुल्लोस नाही म्हणतो. पौल त्याला ‘तू दान पुरून ठेवतोस’ असं लिहीत नाही, मंडळीसमोर त्याच्याविषयी कुरकुर करत नाही, त्याच्यासाठी पश्चात्तापाची प्रार्थना ठेवत नाही. आपल्याकडे एखाद्या मुलीने ‘या वर्षी मी संडे स्कूल घेणार नाही’ असं म्हटलं की काय होतं ते आठवून पाहा.

हाच पौल फिलेमोनाला लिहितो की तुझा दास अनेसिम याला मी माझ्याजवळ ठेवून घेतलं असतं, पण तुझ्या संमतीवाचून काही करावं असं मला वाटलं नाही. तुझा चांगुलपणा जुलमाचा नसावा, राजीखुशीचा असावा. आज्ञा करायचा अधिकार असूनही आपण विनंती करत आहोत हे त्याने त्याच पत्रात स्पष्ट म्हटलंय. वर्गणीच्या वेळी आपण २ करिंथ ९:७ वाचतो, संतोषाने देणारा देवाला प्रिय आहे, दुःखाने किंवा जुलमाने देऊ नये. पैशाला लावतो तो नियम गळ्याला, हाताला, वेळेला का लावत नाही?

निर्गमातली निवासमंडपाची, म्हणजे रानातल्या उपासनेच्या तंबूची, हकिकत या बाबतीत मला फार मोलाची वाटते. निर्गम ३१ मध्ये देव बसालेलाचं नाव घेऊन सांगतो की मी त्याला माझ्या आत्म्याने भरलं आहे. आत्म्याने भरून काय करायचं? सोनं, रुपं, पितळ यांची कारागिरी, रत्नांना पैलू पाडणं, लाकडाचं कोरीवकाम. पवित्र शास्त्रात अमुक एका माणसाला देवाच्या आत्म्याने भरल्याचे जे सुरुवातीचे उल्लेख आहेत, त्यांतला हा एक, आणि तो माणूस याजक नाही, संदेष्टा नाही, कारागीर आहे. व्यासपीठावरच्या दानांनाच आत्मिक समजायची आपली सवय या एका अध्यायासमोर टिकत नाही. आत्मिक कृपादानं वेगळी आणि उपजत गुण वेगळे, असा भेद काही शिक्षक करतात. १ करिंथ १२ ची यादी पाहिली तर त्याला आधारही आहे. पण दोहोंचा दाता एकच आहे एवढं तरी मान्य करू या. हिशेब लिहिणारी, यंत्र दुरुस्त करणारा, आजाऱ्याचं अंथरूण बदलणारी, ही माणसं आपलं दान ‘मंडळीबाहेर वाया घालवत’ नाहीत.

पण त्या हकिकतीत पुढे जे घडतं ते तर आपण भिंतीवर लिहून ठेवावं. ज्यांच्या मनाने त्यांना प्रवृत्त केलं त्यांनी अर्पणं आणली, असं ३५ व्या अध्यायात पुन्हा पुन्हा म्हटलंय. छत्तिसाव्या अध्यायात कारागीर मोशेकडे येऊन म्हणतात की कामाला लागतं त्याहून लोक फार जास्त आणत आहेत. आणि मोशे छावणीत दवंडी पिटवतो: आता पुरे, कोणी आणखी आणू नका. लोकांना थांबवणारा पुढारी! आपल्या सभांतून ‘पुरे झालं, आता घरी जाऊन विश्रांती घे’ हे वाक्य किती तरुणांच्या कानी पडलंय?

इथे आपल्यापैकी कोणी म्हणेल की बाई, तुम्ही इच्छास्वातंत्र्याच्या नावाखाली स्वैराचार शिकवताय. ख्रिस्ती जीवन म्हणजे आपली इच्छा मारणं. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. इच्छास्वातंत्र्यावर ख्रिस्ती मंडळीत एकमत नाही हेही मला ठाऊक आहे. सगळा भर देवाच्या कृपेवर देणारा ऑगस्टीन आणि माणसाच्या इच्छेवर देणारा पेलागियस यांच्यापासून हा वाद चालत आलाय. १५२४ मध्ये इरॅस्मसने स्वतंत्र इच्छेच्या बाजूने लिहिलं, आणि लगेच १५२५ मध्ये लूथरने इच्छा पापाच्या दास्यात आहे असं खणखणीत उत्तर दिलं. देवाची कृपा माणूस नाकारू शकतो, हे आर्मिनियसच्या अनुयायांचं म्हणणं डॉर्टच्या धर्मसभेने १६१८-१९ मध्ये फेटाळलं. पुढे वेस्लीने मात्र त्याच बाजूचा जोरदार पुरस्कार केला. तारण कसं मिळतं, त्यात माणसाच्या इच्छेचा वाटा किती, यावरचा हा वाद खरा आहे आणि तो या पत्रात मिटायचा नाही.

पण या वादातल्या अगदी कडक बाजूचं म्हणणं तरी नीट वाचावं. १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र म्हणतो की जे जे घडतं ते सगळं देवाने आधीच ठरवलं आहे, आणि त्याच वाक्यात पुढे म्हणतो की त्यामुळे त्याने निर्मिलेल्यांच्या, म्हणजे माणसांच्याही, इच्छेवर बळजबरी होत नाही. देवाचं सार्वभौमत्व सगळ्यात ठामपणे मांडणाऱ्यांनासुद्धा हे वाक्य वगळावंसं वाटलं नाही. मग देवसुद्धा जी बळजबरी करत नाही, ती आपण त्याच्या नावाने कशी करायची?

आणि ‘इच्छा मारणं’ म्हणाल तर गेथशेमानेत चला. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ आपण हे वाक्य मुलांना शिकवतो ते असं, की जणू येशूने आपली इच्छा पुसून टाकली. पण त्याआधी त्याने ती बोलून दाखवली आहे: हा प्याला माझ्यापासून टळून जावो. सातव्या शतकात मंडळीत यावरूनच रण माजलं. ख्रिस्तात एकच इच्छा होती, दैवी, असं मानलं तर राज्यात सगळ्यांचं जुळेल, अशी कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाची आणि धर्माधिकाऱ्यांची खटपट होती. मॅक्सिमस नावाच्या वृद्ध साधूने ते मानायला नकार दिला. ख्रिस्ताला खरी मानवी इच्छा नसेल तर तो खरा मानव नाही, आणि जे त्याने स्वतःमध्ये घेतलं नाही ते बरंही झालं नाही, असा त्याचा आग्रह. त्याची जीभ आणि उजवा हात तोडून त्याला हद्दपार केलं, आणि ६६२ मध्ये तो तिथेच वारला. पुढे ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या धर्मसभेने त्याचीच बाजू खरी ठरवली: ख्रिस्तात दोन इच्छा आहेत, आणि मानवी इच्छा दैवी इच्छेला विरोध न करता तिच्या अधीन होते, पण नष्ट होत नाही.

एवढी किंमत देऊन मंडळीने जे जपलं, ते आपण तरुणांना का देत नाही? आज्ञाधारकपणा म्हणजे इच्छा नसणं नव्हे. इच्छा असणं, ती देवासमोर मोकळेपणाने सांगणं आणि मग विश्वासाने पुढे जाणं, हा तो क्रम आहे. त्या वहीतल्या मुलाला पहिली पायरीच कोणी दिली नव्हती.

दान म्हणजे कायमचा हुकूम, हाही समज काढायला हवा. एरिक लिडेल हा धावपटू आपल्या सभांतून नेहमी भेटतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी प्राथमिक फेरी होती म्हणून त्याने १०० मीटर शर्यत सोडली आणि पुढे ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकलं. आपण गोष्ट इथे संपवतो. पण १९२५ मध्ये, ऐन भरात असताना, तो मिशनरी शिक्षक म्हणून चीनला गेला, आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत वारला. पायांत वेग होता म्हणून पदकांच्या मागे धावत राहणं त्याच्यावर बंधनकारक नव्हतं. तो धावत राहिला असता तर देवाने त्याला कमी लेखलं असतं, असंही मला वाटत नाही.

हे त्यांच्यासाठीही सांगायला हवं ज्यांचं दान गेलं. आजारपणाने आवाज गेलेली गायिका, हात थरथरू लागलेला वादक, स्मृती विरत चाललेले वृद्ध शिक्षक. माणसाचं मोल त्याच्या दानात आहे असं आपण शिकवत राहिलो, तर यांच्याशी बोलायला आपल्याकडे काय उरतं? पौल १ करिंथच्या १२ व्या अध्यायात दानांविषयी लिहून झाल्यावर म्हणतो की याहून उत्तम मार्ग मी तुम्हाला दाखवतो, आणि १३ वा अध्याय सुरू करतो. ज्याला प्रीती करता येते आणि ज्याच्यावर प्रीती केली जाते, त्याचं सगळं काही गेलेलं नाही.

माझी विनंती अगदी व्यवहारातली आहे. ‘देवाने मला सांगितलंय की तू हे करावंस’ हे वाक्य तरुणांच्या बाबतीत वापरणं थांबवू या. ‘मला असं वाटतं, तू विचार करून पाहा’ असं म्हटल्याने पवित्र आत्म्याचं काम अडत नाही. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमच्या सभेनेसुद्धा ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटलं’ असंच लिहिलं, आणि तेही भरपूर चर्चा झाल्यावर. कोणी सल्ला मागायला आला तर प्रार्थनेआधी त्याला काय आवडतं, काय जमतं, कशाची भीती वाटते हे विचारू या, आणि पुरतं ऐकून घेऊ या. सेवेला नकार मिळाला तर त्याचं कारण मागू नये. मत्तय २५ वर बोलताना तिसऱ्या दासाइतकाच वेळ पहिल्या दोघांना द्यावा. ते ‘लागलेच’ कामाला गेले असं वचन सांगतं, आणि ज्याला आपल्या धन्याची धास्ती नाही तोच असा निघतो.

येत्या तरुणसभांमध्ये एक सत्र मत्तय २५ आणि १ करिंथ १६:१२ एकत्र वाचण्यासाठी ठेवावं, आणि त्यात संदेश न देता फक्त मुलांचे प्रश्न घ्यावेत, अशी माझी सूचना आहे. बोलावलंत तर मी येईन, चिठ्ठ्या वाचून दाखवायचं काम करीन. नाव न लिहिता प्रश्न विचारायची सोय ठेवा, नाहीतर खरे प्रश्न बाहेर यायचे नाहीत.

ख्रिस्तात आपली,
संडे स्कूलची एक शिक्षिका